ज्याचा काही संबंध नाही असा साक्षीदार

आर्डिथ प्रुएटचं लायसन्स त्या दिवशी संपत होतं, आणि चूक सर्वस्वी तिची होती. उगाच सरकारला शिव्या कशाला द्या? टेक्सासात विम्याच्या सर्व्हेअरला दर दोन वर्षांनी ठरावीक तासांचे वर्ग करावे लागतात, तेव्हा लायसन्स पुढे चालू राहतं. अमॅरिलोला गारपिटीच्या नुकसानीवर एक वर्ग भरतो. तिथे दुपारच्या जेवणाला भाजलेलं बीफ इतकं फर्मास असतं, की बाई दोन वर्षांत तोच वर्ग दोनदा करून आल्या. तोच वर्ग दुसऱ्यांदा केला तर तास धरत नाहीत, हा नियम तीस वर्षांच्या मुरलेल्या सर्व्हेअरणीला माहीत नव्हता असं थोडंच आहे! सगळेच तसं करतात आणि सगळ्यांचंच खपतं, असं तिला वाटलं होतं. शेवटच्या दिवशी सकाळी कळलं, की तिचं खपलेलं नाही.

आणि वेळ तरी कुठली? दोनच दिवसांपूर्वी तिच्याच हॅस्केट गावावर लिंबाएवढ्या गारा पडल्या होत्या. घराघरावर निळ्या ताडपत्र्या फडफडत होत्या आणि कंपनीला सर्व्हेअर कमी पडत होते. आज लायसन्स गेलं तर कंपनीच्या यादीतून नाव जाणार. त्रेसष्ट वर्षांच्या, गुडघे कुरकुरणाऱ्या बाईला नव्याने शिडीवर कोण चढू देतंय? मुलीने तर डॅलसला तिच्यासाठी खोली रंगवून ठेवली होती. त्या खोलीत बसून नातवंडांचे मोजे शोधायचे, एवढंच मग उरलं असतं.

दिवसभर लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर बसून तिने राहिलेला अभ्यासक्रम संपवला. उरली होती परीक्षा. पुस्तक न उघडता, समोर साक्षीदार बसवून द्यायची. आणि साक्षीदार कसा? नात्यातला नको, कामातला नको, तिच्या पास-नापास होण्याशी ज्याचा काडीचाही संबंध नाही असा.

"मी बसले असते गं," लायब्ररीवाली नेल्डा म्हणाली, "पण माझ्या घराचं छप्पर उद्या तूच बघणार ना? झाला की संबंध."

"मग पाद्री?"

"चर्चचं छप्पर काय शाबूत आहे? आणि न्हावी तुझा चुलतभाऊ. या गावात संबंध नसलेला माणूस हवा असेल तर स्मशानात जाऊन बघ." मग नेल्डाने आवाज खाली आणला. "तो बसलाय बघ कोपऱ्यात."

कोपऱ्यात वेल्डन स्कॅग्ज पेपर वाचत बसला होता. धान्याच्या कोठारावर वजनं करणारा माणूस. शाळेत तो आणि आर्डिथ एका बाकावर होते, पण सहा वर्षं त्याने तिला नावाने हाक मारली नव्हती. सहा वर्षांपूर्वी वादळात त्याच्या घराचं अर्धं छप्पर खाली आलं होतं. आर्डिथने वर चढून बघितलं आणि लिहिलं, की आतलं लाकूड आधीच कुजलेलं होतं, वारा फक्त निमित्त झाला. कंपनीने छदामही दिला नाही. तेव्हा त्याची बायको जोलीन आजारी होती. ती पुढच्या वसंतात गेली.

"त्याला माझं तोंड बघायचं नसतं," आर्डिथ म्हणाली.

"मग तुझी तरफदारीही करणार नाही. असाच तर माणूस मागतायत."

लाज गुंडाळून ठेवून ती त्याच्यासमोर उभी राहिली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि पेपरची नीट घडी केली.

"तुमची परीक्षा मी बघायची, मिसेस प्रुएट? बसतो की."

इतक्या पटकन हो म्हणाला, की तिच्या मनात पाल चुकचुकली.

साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र त्याने ओळीवर बोट ठेवून, एकेक शब्द लावत वाचलं. मध्येच एका ओळीपाशी थांबला, मान हलवली आणि पुढे गेला. मग खुर्ची ओढून तिच्या समोर बसला, आणि नजर तिच्यावरून काढलीच नाही. रोजच्या कामातले प्रश्न, पण समोर ते डोळे. एकेक प्रश्न ती तीन-तीनदा वाचू लागली.

निम्म्याच्या वर गेली असेल, आणि खिशातला फोन वाजला. वादळाच्या आठवड्यात सर्व्हेअर फोन दुसऱ्यांदा वाजू देत नाही. दिला तर काम दुसऱ्याला जातं. हात आपोआप खिशात गेला.

"हो, हॅस्केट मी घेते. उद्या सकाळपासून," एवढंच बोलून तिने फोन ठेवला आणि परीक्षा पुरी केली. पास! तिने दीर्घ श्वास सोडला आणि कागद वेल्डनपुढे सरकवला.

वेल्डनने पेन उचललं नाही. "इथे लिहिलंय, परीक्षा चालू असताना कुणाशी बोलणं झालं नाही. तुम्ही बोललात."

"अरे, कामाचा फोन होता! उत्तरं विचारली का मी?"

"वेल्डन, असं काय करतोस?" नेल्डा कळवळली. "तिच्या पोटाचा प्रश्न आहे रे."

"मी बघितलं ते बघितलं. खोटी सही मी करणार नाही."

आर्डिथच्या अंगाचा तिळपापड झाला. सहा वर्षं दात धरून बसलाय मेला, आणि आज बरोबर गाठलंन्! कागद फाडून त्याच्या अंगावर फेकावा असं वाटलं तिला. पण मुकाट्याने खाली बसली, कारण तो बरोबर होता. तो खोटा असता तर किती बरं झालं असतं!

परीक्षा आणखी एकदाच देता येत होती. लायब्ररी बंद व्हायला थोडाच वेळ उरला होता. तिने फोन काढून वेल्डनच्या हातात दिला. त्याने तो शर्टाच्या खिशात ठेवला. या वेळचे प्रश्न वेगळे आणि जास्त किचकट होते. मध्येच त्याच्या छातीवर फोन थरथरला. तिचा हात टेबलावरून उचलला गेला. तिने तो परत खाली ठेवला. दोन उत्तरं तिने अक्षरशः देवावर हवाला ठेवून दिली. नेल्डा दाराशी किल्ल्या घट्ट धरून उभी होती.

पास झाली. काठावर, पण पास. वेल्डनने ठसठशीत अक्षरात सही केली, नेल्डाने कागद पाठवला, आणि पडद्यावर लायसन्सची नवी तारीख आली. नेल्डाने तिला मिठीच मारली. आर्डिथला रडूच फुटलं.

वेल्डन टोपी घालून बाहेर निघाला, तशी ती त्याच्या मागे पळाली. मनातला सगळा राग कुठल्या कुठे गेला होता.

"वेल्डन, ऐक ना. उद्या पहिलं घर तुझं बघते. सकाळी सकाळी येते शिडी घेऊन."

"कशाला?"

"अरे, गारा काय तुझं घर सोडून पडल्या?"

"नाही सोडलं. स्वयंपाकघरातून आभाळ दिसतंय." तो गाडीचं दार उघडून थांबला. "विमा नाही माझा. त्या वेळेपासून भरलाच नाही. नाहीतर ती सही मला करता आली असती का? संबंध नाही असं लिहून द्यायचं होतं."

आर्डिथ तिथेच उभी राहिली. तिने तेव्हा लिहिलं होतं ते खरंच होतं, आणि ते त्यालाही माहीत होतं.

"लाकूड कुजलं होतं, आर्डिथ," तो म्हणाला. "जोलीनही म्हणाली होती. मला ऐकायचं नव्हतं." मग त्याने खिशातून तिचा फोन काढून तिच्या हातात ठेवला. "मघाशी वाजला होता. बघून घे कुणाचा ते."

फोन पुन्हा वाजायला लागला होता. कंपनीचाच होता. वेल्डनची गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत तिने तो उचलला नाही.