साडेसहाची हजेरी

क्षितिजा भोईरने वर्गात कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी प्राचार्यांच्या केबिनमध्ये मात्र तो पार फाटला. "सर, ही मुलं रोज येत होती. सगळी रोज."

क्षितिजा भिवंडीजवळच्या कोन गावची, भिवंडीच्याच कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारी. मराठी शाळेतून आलेली. कॉलेजची पहिली दोन वर्षं इंग्रजी लेक्चरं तिच्या डोक्यावरून गेली होती आणि नोट्स घोकून ती पास झाली होती. ते सलत होतं. म्हणूनच मागच्या जूनमध्ये तिसऱ्या वर्षाचा वर्ग बघून तिला राहवेना. पटावर बहात्तर नावं, समोर जेमतेम तीस डोकी. बाकीचे कापडाच्या लूमवर नाहीतर गोडाऊनमध्ये कामाला, आठला ड्युटी लागली की संध्याकाळशिवाय सुटका नाही. समोर असत त्यांतही कुणी हिंदीवाला, कुणी उर्दूवाला, कुणी पाड्यावरचा, आणि पुस्तक इंग्रजीत.

तिने सकाळी साडेसहाला, ड्युटीच्या आधी, वेगळा तास सुरू केला. सुताचा भाव घेऊन मागणी-पुरवठा मराठीत सांगायचा, तोच हिंदीत, मग परीक्षेपुरती दोन इंग्रजी वाक्यं फळ्यावर. एकवीस जण येऊ लागले. लूमवरचा इर्शाद यायचा. वज्रेश्वरीकडची वैशाली पहिली एसटी पकडून यायची. ती दिवसभर उभ्याने पॅकिंग करी, पदवी झाली की त्याच गोडाऊनमध्ये तिला कॉम्प्युटरवर बसवणार होते. पोरं प्रश्न विचारू लागली. क्षितिजाला इतका आनंद नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

त्या आनंदात तिने सांगून टाकलं, "कॉलेजच्या अकराच्या तासाला येऊ नका. ड्युटी बुडवू नका." सकाळची हजेरी ती स्वतःच्या वहीत घ्यायची आणि अकराला सरकारी पटावर त्याच नावांपुढे स्वतःच्या हाताने गैरहजर लिहायची. वर्षाच्या शेवटी दोन्ही जोडू, असा हिशेब. कुणाला विचारावं, लेखी घ्यावं, हे काही या शहाणीला सुचलं नाही.

"साडेसहाचा तास वेळापत्रकात नाही," प्राचार्य म्हणाले. "म्हणजे तो झालाच नाही."

"कॉलेज बघायला आलेल्या तपासणी समितीला तुम्ही त्याच तासाचे फोटो दाखवलेत, सर."

"फोटो वेगळा, हजेरी वेगळी. पंचाहत्तर टक्के नाहीत त्यांना हॉल तिकीट नाही. यादी विद्यापीठाला गेली. पुढच्या वर्षी बघू."

तिने हात जोडले. वही टेबलावर उघडून ठेवली. तिच्याकडे न बघताच त्यांनी ती मिटून परत दिली. दुपारी हॉल तिकीट नाकारलेल्यांची यादी बोर्डावर लागली. तिच्या एकवीसच्या एकवीस जणांची नावं त्यात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षात बसताना, आज कुणी येऊ नये, एवढंच ती मागत होती. सगळे आले होते. यादी सगळ्यांनी पाहिली होती. तिने उचललेला खडू परत ठेवला.

"माझी चूक झाली," ती म्हणाली. "अकराला येऊ नका, मीच सांगितलं. तुमचं वर्ष मी घालवलं."

इर्शाद बोलला, "मॅडम, ग्यारह बजे आते तो काम जाता. और यहाँ नहीं आते तो कुछ समझता नहीं."

"हजेरी घ्या, मॅडम," वैशाली म्हणाली. "आठला ड्युटी हाय."

क्षितिजाने वही उघडली. एकेक नाव घेतलं, एकेक जण 'हजर' म्हणत गेला. वैशालीने 'हजर' म्हटलं तेव्हा पेन कागदावर टेकलं आणि तिथेच राहिलं. ही खूण कुठेही मोजली जाणार नव्हती. क्षितिजाला ती करवेना.

वैशालीला वाटलं, बाईंना ऐकू गेलं नसेल. ती उभी राहिली.

"मॅडम, हजर हाय मी."