शकूच्या सासरी गेलेल्या नोट्स

कपाट आवरताना एक कोरं निळं आंतर्देशीय पत्र सापडलं. कडेच्या डिंकाचा वास आला आणि नाकाडोंगरीची एक ओसरी आठवली.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी माझी मैत्रीण शकू हिचं लग्न झालं. सासरी पुस्तक घेऊन बसलेलं चालत नसे, पत्र वाचलेलं चाले. म्हणून मी अर्थशास्त्राच्या नोट्स पत्रांतून पाठवत असे. 'प्रिय शकू, इकडे सर्व खुशाल' एवढं लिहून लगेच मागणीचा नियम सुरू.

परीक्षेआधी तिला भेटायला तिच्या सासरी, नाकाडोंगरीला गेले, तर ओसरीवर सासरे ती सगळी पत्रं मांडीवर घेऊन बसलेले. शकू दाराआड उभी. आता हिची परीक्षा बुडाली, असं मी धरूनच चालले.

"पोरी, मागणी समजली मले," ते म्हणाले. "पुरवठा अर्धाच राह्यला. पुढचं पत्र काहून नाही धाडलं?"

"धाडते, मामाजी. पण शकूले परीक्षेले जाऊ द्याल ना?"

"जाऊ देईन ना! पण तिले काही समजून नाही राहिलं. मीच समजावून राहिलो."

शकू पस्तीस मार्कांवर पास झाली आणि मी पत्रं बंद केली. सासऱ्यांना पुढचं वाचायचं असेल, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.