नागिणीची दोन टोकं

गेल्या फेब्रुवारीत माझ्या उजव्या बरगडीखाली आग पडायला लागली. वरून काहीच दिसत नव्हतं. वर्गात फळ्यावर लिहायला हात उचलला की पाठीपासून पोटापर्यंत तापलेली तार ओढल्यासारखं व्हायचं. उसण भरली असेल म्हणून दोन दिवस बाम चोळला. तिसऱ्या दिवशी आंघोळीच्या वेळी तिथे पाण्याने भरलेल्या फोडांचा पट्टा दिसला. अकोल्यात मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. नागीण ओळखायला मला वेळ लागला नाही, पण दोन दिवस तर गेलेच होते.

त्याच दिवशी पातूरची धाकटी बहीण घरी आली होती. फोड पाहून ती मटकन खुर्चीत बसली.

"ताई, हिची दोन्ही टोकं भेटली का मानूस जाते म्हनतात. आमच्याकडं एक बुढी हाय, गेरू लावून उतरवते. चाल माह्यासंग."

"आदी डॉक्टर पाहू."

"पाहू नं. पन मले मोजून तं ठेवू दे."

तिने शिवणाच्या डब्यातून दोरा काढला, पाठीच्या टोकापासून फोड नसलेल्या डाव्या कुशीवरून बेंबीजवळच्या टोकापर्यंत धरला आणि गाठ मारून ठेवला. मला हसू आलं, पण खरं सांगायचं तर टोकं भेटतात का, याचं उत्तर मलाही हवं होतं.

जुन्या शहरातल्या डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या?"

झाल्या होत्या. आम्ही दोघी एकाच खाटेवर, कडुनिंबाच्या पाल्यावर पडून होतो.

"तोच विषाणू," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मणक्याजवळ नसेच्या मुळाशी झोपून होता. वय वाढलं, प्रतिकारशक्ती ढिली पडली, की तो जागा होतो आणि त्या एकाच नसेच्या वाटेने कातडीपर्यंत येतो. ती नस अर्ध्या अंगापुरतीच असते. म्हणून टोकं सहसा जुळत नाहीत, आणि जुळली म्हणून कुणी मरत नाही. डोळ्याजवळ झाली असती तर मी जास्त घाबरले असते."

"मंग मले बी होईन काय?" बहिणीने विचारलं.

"होऊ शकते. लस आहे, त्याबद्दल आपण निवांत बोलू."

गोळ्या सुरू झाल्या. बहीण आठ दिवस राहिली आणि रोज सकाळी दोरा लावून पाहायची. गाठ जिथली तिथेच. "हलली नाही व माय," ती म्हणायची, जरा निराश झाल्यासारखी.

तीन आठवड्यांत खपल्या पडल्या. आग मात्र गेली नाही. पंख्याचा वारा लागला तरी कातडी चरचरायची, ब्लाउज घालणं म्हणजे शिक्षा. मी रजा टाकली आणि घराबाहेर पडेनाशी झाले. उजवी बाजू जपत वाकडी बसायचे, तर दोन महिन्यांत पाठ आणि खांदा आखडला. झोप मोडली. कारण नसताना नवऱ्यावर खेकसू लागले.

अखेर अमरावतीला दुखण्याच्या तज्ज्ञाकडे गेलो. त्याने नसेवरची औषधं लिहून दिली आणि विचारलं, "दिवसभर काय करता?"

"जपते."

"जखम नसेला झाली आहे, पायांना नाही. चालण्याने नस बरी होईल असं मी म्हणणार नाही. पण बसून राहिलात तर अंग आखडेल, झोप जाईल, मन खचेल, आणि तेवढंच दुखणं दुप्पट वाटेल. दहा मिनिटांपासून सुरू करा."

माझ्यातली शिक्षिका जागी झाली. कॅलेंडरवर चाललेल्या दिवसाला गोल, न चाललेल्या दिवसाला फुली, आणि संध्याकाळी दुखण्याला दहापैकी गुण. आतून जुन्या मऊ साडीचा तुकडा गुंडाळून निघाले. पहिल्या दिवशी कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येताना डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्या आठवड्यात मोर्णा नदीच्या पुलापर्यंत पोचले. तिथे एका बाईशी अंबाडीच्या जुडीवरून घासाघीस झाली. जुडी पिशवीत टाकल्यावर लक्षात आलं, एवढा वेळ बरगडी आठवलीच नव्हती. मी तिथेच उभी राहून पुन्हा दुखणं शोधलं. होतं. पण मी शोधेपर्यंत ते कुठे होतं?

दोन महिन्यांचं कॅलेंडर घेऊन बसले, तर निकाल काही स्वच्छ नव्हता. गोलाच्या काही दिवशी गुण फुलीपेक्षा जास्तच. झोप मात्र गोलाच्या दिवशी जवळजवळ नेहमीच चांगली. शिवाय औषधंही चालू होती, आणि मला कोणतं उत्तर हवंय हे मला आधीपासून माहीत होतं. विद्यार्थिनीने असा प्रयोग आणला असता तर मी मार्क कापले असते.

तरी चालणं सोडलं नाही. दिवाळीनंतर तज्ज्ञाने गोळ्या निम्म्या केल्या. तळहाताएवढी जागा अजून स्पर्श सहन करत नाही. ती कधी शांत होईल, असं विचारल्यावर तो म्हणाला, "सांगता येत नाही." त्याचा हा प्रामाणिकपणा मला आवडला. बाहेर नवरा रिक्षाला हात करत होता. मी त्याचा हात खाली घेतला आणि आम्ही एसटी स्टँडपर्यंत पायी गेलो.