मिकोनॉसच्या पांढऱ्या भिंती

सुपडाजी कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी भिंतीवर तळहात फिरवत आणि मग तो तळहात उजेडात धरून पाहत. घरमालक पाण्याचा तांब्या घेऊन उभा असे, पण तपासणी पुरी झाल्याशिवाय ते तांब्याला हात लावत नसत. तळहाताला पांढरं लागलं तर तोंडावर सांगत, "भित खोटी हाये तुमची." या एका वाक्यापायी देऊळघाटातल्या दोन-तीन घरांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं होतं.

गावाबाहेर त्यांची चुन्याची भट्टी होती. नाल्यातून वेचलेली चुनखडी ते भाजत, निघालेली कळी पाण्यात विझवत आणि पोळा झाला की अंबाडीचा कुंचा घेऊन घरोघर सफेदी करायला निघत. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या शाळेत. मी नुकताच मास्तर म्हणून रुजू झालो होतो. वर्गाला चुन्याचा एक हात देऊन झाला होता. त्यांची ख्याती कानावर आलेली असल्यामुळे मी मुद्दाम भिंतीवर पंजा फिरवला आणि पांढरा झालेला पंजा त्यांच्यापुढे धरला.

"ही पण खोटीच की, सुपडाजी."

ते शिडीवरून खाली न पाहताच म्हणाले, "घाई करू नका, गुर्जी. पयला हात सुटतेच. त्याच्यावर भित पारखाची नसते. दुसरा बसू द्या, सुकू द्या, मंग या."

माणसांवर त्यांचा विश्वास भिंतींपेक्षाही कमी होता. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी दिलेली गोळी ते आधी जिभेच्या टोकावर ठेवून पाहत. रेडिओवर पावसाचा अंदाज सांगितला की विचारत, "तो आभाय पाहून सांगून राह्यला का कागद पाहून?" त्यांच्या बोलण्यात एक प्रश्न सारखा येई: "तुमी सोता पाह्यलं का?" सोता, म्हणजे स्वतः. मी पुस्तकातला माणूस. मी स्वतः जवळजवळ काहीच पाहिलेलं नव्हतं.

वाचायची चट असल्यामुळे मी बुलढाण्याहून जुन्या इंग्रजी मासिकांची रद्दी आणत असे. एका दुपारी सुपडाजी माझ्या खोलीवर आले, भिंत तपासून बसले आणि समोर पडलेल्या एका रंगीत पानावर वाकले. ग्रीस देशातलं मिकोनॉस नावाचं बेट. निळ्या समुद्राच्या काठी घरंच घरं, आणि सगळी पांढरी, डोळ्यांना झोंबतील इतकी. मी खालचा मजकूर वाचून दाखवला: दूरदूरचे लोक तिथं सुट्टी घालवायला जातात आणि तिथली माणसं या घरांना चुना लावतात.

"चुना?" त्यांनी बोट ओलं करून चित्रावर घासलं. "नीळ टाकली असन. नाई तं फोटोवाल्यानं कायतरी केलं असन. समुद्राची खारी हवा, अन् भित अशी? मी नाई मानत."

आमच्या नाल्याची चुनखडी कितीही निवडली तरी चुना जरा मळकट उतरे. आयुष्यभर त्या मळकेपणाशी झुंजलेल्या माणसाला ते चित्र म्हणजे उघड लबाडी वाटली. आठ दिवसांनी ते परत आले. "गुर्जी, तठी जाव कसं लागते?"

मला थट्टा वाटली. पण त्यांनी मला मुंबईच्या एका प्रवासी कचेरीला पत्र लिहायला लावलं. मुंबईहून बोट, मग आणखी एक लहान बोट, असं उत्तर आलं. सोबत सल्ला होता की जून ते ऑगस्टमध्ये जावं, त्या दिवसांत तिथं पाऊस नसतो.

"आखाडात पानीच नाई?" सुपडाजी एकदम उभे राहिले. "मंग तसं म्हना ना! पान्याबिगर तं कोनाची बी भित टिकते. पानी कवा येते तठी?"

"हिवाळ्यात."

"मंग हिवाळ्यातच जातो. दिवायीचं काम आटोपलं का निंगतो."

कचेरीनं पुन्हा कळवलं की हिवाळ्यात हॉटेलं बंद असतात, वारा फार असतो, कुणीच जात नाही. सुपडाजींचा संशय आणखी पक्का झाला. "पाहा! पान्यात येऊ देत नाईत. भिती उघड्या पडतेत नं." त्यांनी सामान ठरवलं: घोंगडी, ठेचा, आपला कुंचा आणि ताडून पाहायला आपल्या चुन्याची पुडी.

गावाला यातलं काहीच पटलं नाही. तिथं नातलग नाही, देव नाही, धंदा नाही, मग माणूस जातो कशाला? कुणी म्हणे चुनखडी खणताना हंडा सापडला असेल, कुणी म्हणे मडम आणेल. बसथांब्याजवळच्या हॉटेलात नथ्थूनं त्यांना चहा देता देता विचारलं, "काऊन जी सुपडाजी, तठी आपलं कोन हाये?"

"कोनीच नाई. म्हनून तं जाऊन राह्यलो. अठी सारे आपलेच हायेत, कोनी खरं सांगत नाई."

त्यांच्या पत्नी, द्वारकाकाकू, मला वाटेत थांबवून म्हणाल्या, "गुर्जी, मानूस भिती पाहाले समुद्र वलांडून जाते का? कागदं तुमीच लिहून राह्यले. मले खरं सांगा, हे वापस येनार हायेत का नाई?" त्यांना मूलबाळ नव्हतं. सुपडाजींनी भट्टी पुतण्याच्या हवाली करायचं ठरवलं होतं. भिंती पाहायलाच निघालेत, एवढं मला छातीठोक सांगता आलं असतं. पण तोवर संशय माझ्यातही शिरला होता. मी म्हणालो, "मलाही कळत नाही, काकू."

पासपोर्टचा अर्ज मीच भरला. प्रवासाचं कारण या रकान्यात 'सुट्टी' असं लिहिलं. सुपडाजींनी खाली वळणदार सही केली आणि शाई वाळली का ते बोट लावून पाहिलं.

दीडेक महिन्यानं एका सकाळी मी नथ्थूकडे पेपर वाचत बसलो असताना पोलीस शिपाई आला. सायकल लावून त्यानं कागद काढला. "सुपडाजी चुनेवाले इथंच राहतात का?"

मागच्या वर्षी दारूच्या धाडीत गावातली चार माणसं धरली गेली होती. तेव्हापासून खाकी कपड्याला कुणाचं नाव सांगायचं नाही, हे न ठरवता ठरलेलं होतं.

"कोन सुपडाजी?" नथ्थू कपबशी विसळत म्हणाला. "या नावाचा कोनी नाई अठी."

"होता एक," बाकावरचा एक म्हातारा म्हणाला, "गाव सोडून गेला थो. लय दिवस झाले."

सगळे आपापल्या परीनं सुपडाजींना वाचवत होते. शिपाई माझ्याकडे वळला. "तुम्ही शिकलेले दिसता. तुम्ही तरी सांगा."

तो पासपोर्टच्या चौकशीला आलाय, हे त्या हॉटेलात फक्त मला माहीत होतं. द्वारकाकाकूंचा चेहरा डोळ्यांपुढे आला, की मलाच सुपडाजी जायला नको होते, हे अजूनही मला नीट सांगता येत नाही. मी म्हणालो, "मी शाळेत मास्तर आहे. गावात माझी फारशी ओळख नाही." त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं आणि सायकलवर टांग टाकली.

उत्तर आलं ते मीच वाचून दाखवलं. दिलेल्या पत्त्यावर अर्जदार राहत नसल्याचं चौकशीत आढळलं, सबब अर्ज नामंजूर. सुपडाजींनी ते दोनदा वाचायला लावलं. मग आपल्याच छातीवर तळहात फिरवला आणि उजेडात धरून पाहिला.

"मी तं अठीच हाये, गुर्जी."

"पुन्हा अर्ज करू. मी स्वतः कचेरीत जातो."

"नोका करू. ज्या गावाले मी दिसत नाई, त्या गावातून मी जाऊ कसा?"

पुढं आणखी किती परवानग्या लागल्या असत्या, किती दारं बंद असती, मला ठाऊक नाही. पण ती ठोठावायला जाण्याआधीच पहिलं दार आम्ही आतून लावून घेतलं होतं. कोण काय बोललं, हे त्यांनी कुणालाच विचारलं नाही. त्या दसऱ्याआधी नथ्थूच्या हॉटेलाला नेहमीसारखे दोन हात दिले. शाळेलाही दिले. एकच गोष्ट बदलली: ते कुणाच्या घरी गेले की सरळ बसत. भिंतीला हात लावणं त्यांनी सोडलं. ज्यांनी बोलणं टाकलं होतं तेही बोलायला लागले. मला मात्र ते सरळ बसणं बघवत नसे.

अशी सात-आठ वर्षं गेली. चुन्यानं त्यांची छाती आतून भाजून काढली होती. शेवटच्या आजारात मी रोज शाळा सुटल्यावर जाऊन बसत असे. माझ्याकडून मागून नेलेलं मिकोनॉसचं ते पान त्यांच्या खाटेशेजारच्या भिंतीवर खळीनं चिकटवलेलं होतं, कडा पिवळ्या पडलेल्या. एका संध्याकाळी काकू पाणी आणायला गेल्या आणि मी बोलून टाकलं.

"सुपडाजी, शिपाई आला तेव्हा मी नथ्थूच्या हॉटेलात होतो. मला विचारलं होतं त्यानं. मी सांगितलं नाही."

त्यांनी हात उचलून माझ्या सदऱ्याच्या बाहीवर तळहात फिरवला, आणि दारातून येणाऱ्या उजेडात धरून पाहिला. इतक्या वर्षांनी ती खूण मी पुन्हा पाहत होतो.

"मालूम हाये मले," ते म्हणाले. "नवेच व्हते तुमी तवा गावात." दम लागला म्हणून ते थांबले. हात खाली ठेवला. "पयला हात सुटतेच, गुर्जी."

तिसऱ्या दिवशी ते गेले. मी स्मशानातून खोलीवर परत आलो, कंदील लावला, आणि बसायच्या आधी भिंतीवर तळहात फिरवला. ती भिंत त्यांनीच रंगवलेली होती. हाताला काहीच लागलं नाही.