खंडेनवमीला आंघोळ घातलेली बंदूक

अन्याय झाला तो माझ्या आत्यावर. कधी? गेल्या खंडेनवमीला सकाळी, आरती झाली न झाली तोच. तिच्या बंदुकीला तिच्याच दिरानं आंघोळ घातली.

हो, आंघोळ! आधी तांब्याभर पाणी, मग नारळाचं पाणी, मग ओली हळद, ओलं कुंकू, झेंडूचा हार. ते सगळं लाल कापडात गुंडाळून दसऱ्यापर्यंत देवघरात. बंदूक आत्याची, पीक संरक्षणाचा परवाना तिच्या नावावर, दुसऱ्यानं हात लावणं बेकायदा. पण पूजा म्हटली की कायदा कोण विचारतो? आत्या शेतातून आली तेव्हा सगळं उरकलं होतं, आणि देवापुढचं सोडू नये म्हणून तिलाही गुंडाळी सोडू दिली नाही.

औंढ्याच्या अलीकडे, डोंगराला लागून तिची हळद आणि मका. रात्री रानडुकरं उतरतात. नवरा गेल्यापासून ती शेतातल्या उंच माळ्यावर एकटी राखणीला बसते, हवेत बार काढते. दव पडतं, हाताला घाम असतो, तरी बंदुकीवर कधी ठिपका नाही. सकाळी उतरली की काडतुसं काढायची, कोरड्या फडक्यानं पुसायचं, तेलाचा हात फिरवायचा, नळीचं तोंड खाली करून ठेवायची. कापडात कधीच नाही, कापड ओल धरतं.

दसऱ्याला गुंडाळी सोडली तर नळी नारिंगी!

दीर म्हणाला, "बाईमानसाच्या हातात लोखंड, गंज चढनारच. वहिनी, परवाना माझ्या नावानं करून टाका आता."

मी बायकांच्या संघटनेची कार्यकर्ती, माझं डोकं भणभणलं. "काका, पाणी कोणी ओतलं?"

"तू पत्रकं वाट, पोरी. देवाधर्मात काहून बोलून राहिली?"

त्याच आठवड्यात परवान्याच्या नूतनीकरणासाठी बंदूक ठाण्यात दाखवायची होती. गंजकी दिसली आणि परवाना अडला, तर आत्यानं माळ्यावर काय डबा वाजवायचा?

मग आम्ही जो धिंगाणा केला, तो आठवला की अजून हसू आवरत नाही. अंगणात चटई, बंदूक रिकामी करून, उघडून पसरलेली. मी जोशात भांड्याची तारेची घासणी उचलली.

आत्या ओरडली, "ए बये, पातेलं हाय का ते? नळीचा रंग जाईल!"

रॉकेलमध्ये भिजवलेलं मऊ फडकं हवं होतं. घरातली सगळी फडकी दसऱ्याच्या साफसफाईत संपलेली. मी माझा मोर्चाचा कापडी फलक टर्रकन फाडला. 'न्याय मिळालाच पाहिजे' यातला 'न्याय' नळी साफ करायच्या गजाला गुंडाळून आत घातला, तो दुसऱ्या टोकानं काळाकुट्ट होऊन बाहेर आला. आत्या हसून हसून चटईवर आडवी.

शेजारची भाभी शिवणकाम करते. तिनं भिंतीवरून मशीनच्या तेलाची कुपी दिली. "क्या आपा, बंदूक पे काज-बटन कर रहे क्या?"

"न्हाई गं, दिराचं तोंड शिवायचं हाय!"

तिघी एवढ्या खिदळलो की दीर ओट्यावरून उठून गेला.

ठाण्यात जमादारानं नळी उजेडाकडे धरून आतून पाहिली. "बाई, आरशावानी ठेवली की! कोण साफ करतं?"

"मीच. गंजवनारे येगळे हायेत."

परवाना झाला, तिच्याच नावावर. घरी येऊन तिनं दिराला सांगितलं, "भाऊजी, पुढच्या नवमीला तुमच्या मोटारसायकलची पूजा करू. टाकीतच नारळ फोडू."

त्यानं त्या दिवसापासून चावी कनवटीला लावली आहे!

आता तुम्ही. घरात बंदूक असेल तर नवमीला तिच्यावर थेंबभर पाणी पडू देऊ नका. कुंकू लावायचंच असेल तर कोरडं, लाकडी दस्त्याला, आणि लगेच पुसा. आणि परवाना बाईच्या नावावर असेल तर आधी तिला विचारा. ती नाही म्हणाली, तर मुकाट्यानं हात मागं घ्या.