बोहारणीने मागितलेली साडी

दुपारी बोहारीण दारात येऊन बसली. जुने कपडे घेऊन ती स्टीलची भांडी देते. मी मोठ्या तोऱ्यात नवऱ्याचा लग्नातला कोट पुढे केला. तिने तो उचललासुद्धा नाही.

"ताई, हा आता कोण घालणार? त्यापेक्षा ती द्या," असं म्हणत तिने खुर्चीवरच्या सुती साडीकडे बोट दाखवलं. धुऊन धुऊन विरलेली ती साडी मी लादी पुसायला फाडणार होते. "बाळाच्या दुपट्यांना मागतात असली मऊ," ती म्हणाली, आणि तिने झाकणाचा डबा माझ्याकडे सरकवला.

आणि मला ती साडी देववेना.

कॉलेजात अर्थशास्त्र शिकवताना मी दरवर्षी ठणकावून सांगते की मोल वस्तूत नसतं, माणसाच्या मनात असतं. मुलं निमूट लिहून घेतात. पण मनात ते येतं कुठून, हे एकानेही कधी विचारलं नाही. मघापर्यंत माझ्या लेखी ते फडकं होतं. तिचं बोट तिकडे वळलं आणि फडक्याची साडी झाली. मग हे मन माझं कसं म्हणायचं? असं दुसऱ्याच्या बोटाकडे बघून मी आणखी काय काय जपलंय? घरभर नजर फिरवली.

"राहू दे," म्हटल्यावर डबा टोपलीत टाकून ती निघून गेली. मी साडी घडी करून कपाटात ठेवली, बाहेर काढली, परत ठेवली.

पुढच्या खेपेला ती आली आणि तिने ही मागितलीच नाही, तर?