शिवलेली पानं

भोरच्या एका वाचनालयात मी पुस्तकं देते. बाजाराच्या दिवशी वरच्या वाडीतल्या, शेळ्या राखणाऱ्या एक मावशी तिथं येतात. पुस्तकाला हात लावण्याआधी त्या नळावर हात धुतात आणि पदराला पुसतात. जादूच्या तलवारीची, राजा-राणीची कादंबरी असो की जंगलात हरवलेल्या मुलांची साहसकथा, त्यांना सगळं चालतं. अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याला त्या रोज मोठ्यानं वाचून दाखवतात.

परवा परत आलेल्या कादंबरीची शेवटची पानं काळ्या दोऱ्यानं शिवलेली होती.

"मावशी, हे काय?"

"त्यात कुत्रं मरतंय, मॅडम. आमचं कुत्रं गेल्या महिन्यात बिबट्यानं नेलं. तवापास्नं मालक नीट जेवत न्हाईत. म्या त्यांना सांगितलं, गोष्टीतलं कुत्रं घरी आलं."

"मग शिवलं कशाला?"

"त्यांना बी थोडं वाचता येतं. पुस्तक उशालाच असायचं. थांबा, उसवून देते."

त्यांनी टाके अलगद काढले. मग खिडकीशी बसून ती पानं मनातल्या मनात वाचली आणि पदर तोंडाला लावून खूप वेळ रडल्या.

कुत्रं त्यांचंही होतं.